उतारावरील चाल

मनुष्याचें वय वाढूं लागलें म्हणजे त्याची चाल मंदावते, ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाहीं. परंतु ती मंदावलेली चाल कोणत्या मनानें चालावी, हें मात्र शिकावें लागतें. आणि तें शिकविणारी शाळा कोठें दिसत नाहीं. तरुणपणीं नांगर कसा धरावा, लेखणी कशी धरावी, हें सांगणारे वडील व गुरुजी असतात. नांगर केव्हां सोडावा आणि कोणाच्या हातीं द्यावा, हें सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून ह्या विषयाचा आज वाचकांसमवेत कांहीं विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

आपली मराठी भाषा ह्या बाबतींत मोठी प्रामाणिक आहे. चाळीस वर्षें उलटलीं म्हणजे जवळचीं अक्षरें अंधुक दिसूं लागतात व चष्मा घ्यावा लागतो. त्या चष्म्यासच आपण ‘चाळिशी’ असें नांव दिलें आहे. डोळ्यांतील भिंगाची लवचिकता वयाबरोबर कमी होत जाते, आणि हें राजास चुकत नाहीं व रंकासहि चुकत नाहीं. तरी पुस्तक हातभर दूर धरून ‘हल्लीं छपाई फार बारीक करितात’ असें म्हणणारे पुष्कळ आढळतात. छपाई होती तेवढीच असते. आम्ही स्वतः चाळिशी लावूनच हीं वाक्यें लिहीत आहों, तेव्हां ह्यांत कोणाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं.

चाळिशीच्या पुढल्या वाटेस आपण ‘उतारवय’ म्हणतों. हा शब्द ऐकून कित्येक खिन्न होतात. पण उतार म्हणजे कडा नव्हे. कोल्हापुराहून पश्चिमेस गगनबावड्यास जाऊन तेथून करूळ घाटानें किंवा भुईबावडा घाटानें जे कोकणांत उतरले आहेत, त्यांस उतार म्हणजे काय तें ठाऊक आहे. चढणीवर गाडी ओढावी लागते. उतारावर ती आवरावी लागते. चढणीवर बैलांचें बळ कामास येतें, उतारावर गाडीवानाचें शहाणपण. जो गाडीवान उतारावरहि बैलांस चाबूक मारील, त्याची गाडी लवकर पोंचणार नाहीं, दरींत जाईल. म्हणजे उतारावर हळू चालणें हा आळस नव्हे. ती त्या वाटेची रीतच होय.

ही वाट आज पूर्वींपेक्षां लांब झाली आहे, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशांत जन्मणाऱ्या मुलाचें सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें. २०१६ ते २०२० ह्या काळाच्या सरकारी गणनेंत तें ७० वर्षें भरलें. ह्याचा अर्थ पूर्वीं सगळे लोक बत्तिसाव्या वर्षींच मरत असत, असा नव्हे. कितीएक बालकें पाळण्यांतच जात, आणि त्यामुळें सरासरी खालीं येई. तथापि आज साठी ओलांडणारांची संख्या पुष्कळ वाढली आहे, यांत शंका नाहीं. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण ज्या वयावर शिक्का मारून मोकळी होते, त्या वयाच्या पुढें आज पुष्कळांस दहा, पंधरा, वीस वर्षें चालावयाचें असतें. इतकी लांब वाट नुसती कुरकुर करीत चालणें हें चालणारास आणि बरोबरच्या माणसांस दोघांसहि जड जाईल.

तर मग चाल मंद होणें ही हार मानावी, हक्क मानावा, कीं कर्तव्य मानावें? हार मानणारा चिडतो, हक्क मानणारा दुसऱ्यांकडून सेवा घेतो, आणि कर्तव्य मानणारा हातांतलें काम नीट सोंपवून देतो. हा भेद समजण्यास आपल्या कोल्हापुरांतील तालमीसारखें दुसरें उदाहरण आम्हांस आढळत नाहीं.

कोल्हापूर हें मल्लांचें गांव. छत्रपति शाहू महाराजांनीं खासबागेचें मैदान बांधविलें तें १९१२ सालीं पुरें झालें. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ह्या तालमींचीं नांवें खेड्यांतल्या लहान मुलांसहि ठाऊक असतात. ह्या तालमींत मनुष्याच्या वयाचा हिशेब उघड्यावर मांडलेला असतो, कारण तेथें शरीर खोटें बोलूं शकत नाहीं. तिशीनंतर स्नायूंचें बळ हळूहळू घटूं लागतें, दम कमी पडतो, आणि एके दिवशीं विशींतला पोरगा मातब्बर पैलवानास चीत करितो. त्या दिवशीं पैलवानापुढें दोन वाटा असतात. आणखी चार वर्षें अंगास तेल चोळून मैदानांत उतरावें आणि पूर्वींचें नांव थोडें थोडें गमवावें, ही एक. दुसरी वाट हौद्याच्या कांठावर जाऊन उभें राहण्याची. म्हणजे वस्ताद होण्याची.

गणपतराव आंदळकर हे शिराळा तालुक्यांतील पुनवत गांवचे. त्यांचा जन्म १९३५ चा. ते मोतीबाग तालमींत वाढले, १९६० सालीं हिंदकेसरी झाले, आणि १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई खेळांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. त्यांचें आयुष्य २०१८ सालापर्यंत चाललें. म्हणजे हिंदकेसरी झाल्यावर ते ५८ वर्षें जगले, आणि त्यांतलीं लढण्याचीं वर्षें थोडीं होतीं. उरलेल्या काळांतील त्यांची कीर्ति वस्ताद म्हणून आहे. दादू चौगुले, जे १९७० व १९७१ ह्या दोन्ही सालीं महाराष्ट्र केसरी झाले, ते त्यांच्याच शिष्यांपैकीं. वस्तादाचें काम पाहावें तर पैलवानाच्या कामापेक्षां मंद असतें. तो पहांटे उठतो, परंतु जोर शिष्य काढतात. तो बोलतो थोडें, पाहतो पुष्कळ. डाव त्याच्या अंगांत नसतो, डोळ्यांत असतो. आणि शिष्यानें मैदान मारलें म्हणजे हलगी शिष्यापुढें वाजते, वस्तादापुढें नव्हे.

येथें तालमींतला एक नियम सांगावयाचा आहे, आणि आमच्या सर्व म्हणण्याचें सार त्याच नियमांत आहे. लढणाऱ्या पैलवानास खुराक लागतो: दूध, तूप, बदाम, थंडाई. जोर, बैठका आणि लढत ह्यांत तो सारा जिरतो. पण कुस्ती सुटल्यावर ज्याचा खुराक सुटत नाहीं, त्याचें शरीर सुटतें. ज्या तुपानें बळ आलें, तेंच तूप मग रोग आणतें. म्हणून जाणता वस्ताद सांगतो कीं, कुस्ती सोडलीस तर ताटहि बदल.

प्रिय वाचकहो, हा नियम केवळ पैलवानांचा नाहीं. प्रत्येक कामास कांहीं खुराक जोडलेला असतो. घरच्या कर्त्यास मान मिळतो, पहिला शब्द मिळतो, त्याचा हुकूम चालतो. गांवच्या पंचास बसावयास पुढची जागा मिळते. मंडळींतील उपदेशकास लोक वाट सोडून देतात. घरच्या मालकिणीकडे किल्ल्यांचा जुडगा असतो. हीं कामें करितां येत होतीं तोंवर हा मान त्या कामांत जिरत होता. कारण हुकूम करणाराच सर्वांच्या आधीं उठत होता व सर्वांच्या मागून जेवत होता. पुढें काम सुटतें. गुडघे दुखतात, पाण्याची पाळी रात्रीं धरवत नाहीं, मुलगा शेत पाहूं लागतो, सून चूल पाहूं लागते. काम सोडावयास मनुष्य बहुधा तयार असतो, कारण शरीर तें सोडावयास लावतें. मान सोडावयास मात्र तो तयार नसतो, कारण मन म्हातारें झालेलें त्यास दिसत नाहीं. मग मुलानें सरी पाडली कीं ‘आमच्या वेळीं अशी नव्हती’. सुनेनें भाकरी थापली तरी पिठांत मीठ घालण्याचा अधिकार सासूचाच. आणि मंडळींत नवीन मनुष्यानें उपासना चालविली कीं जुने उपदेशक मागें बसून मान हालवितात. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाहीं! घरांतील निम्मी भांडणें ह्या एका अजीर्णाचीं आहेत, असें आमचें मत आहे.

शास्त्रांत ह्याच्या उलट वागलेल्या एका वृद्धाची गोष्ट आहे, आणि ती पुष्कळदां वाचली जात नाहीं. बर्जिल्लय गिलादी हा मोठा धनवान मनुष्य होता. दाविद राजा आपल्या मुलाच्या बंडामुळें पळून आला असतां ह्यानें त्यास अन्नधान्य पुरविलें. बंड मोडल्यावर राजा परत निघाला, तेव्हां त्यानें बर्जिल्लयास यरुशलेमेस चलण्याचा आग्रह केला. म्हणजे राजवाडा, राजाचें पंक्तिभोजन, गाण्याबजावण्याचें सुख. बर्जिल्लय त्या वेळीं ऐंशी वर्षांचा होता. त्यानें कांहीं आढेवेढे न घेतां सांगितलें कीं, मला आतां अन्नाची रुचि कळत नाहीं, गाणें नीट ऐकूं येत नाहीं. मी आपणांस उगाच भार होईन. मला माझ्या गांवीं, आईबापांच्या थडग्यापाशीं राहूं द्यावें. येथपर्यंत पुष्कळांस सुचलें असतें. परंतु त्यानें आणखी एक गोष्ट केली. तो म्हणाला, हा किम्हाम आहे, ह्यास न्या. स्वतःस मिळणारा मान त्यानें तरुणाच्या पदरीं घातला आणि नदीच्या कांठावरून तो घरीं परतला. खुराक सोडणें तें हेंच. तो रागावून सोडलेला नव्हता, तर जिवंत हातांत दिलेला होता.

तसेंच लेवी लोकांविषयींचा नियम पाहावा. पन्नास वर्षें पुरीं झालीं म्हणजे त्यांनीं दर्शनमंडपाच्या सेवेचें जड काम सोडावें. परंतु आपल्या भावांस साह्य करीत तेथें राहावें. हा नियम फार माणुसकीचा आहे. त्यानें म्हाताऱ्यास ओझ्याखालीं ठेविलें नाहीं आणि दाराबाहेरहि काढलें नाहीं.

आतां आमच्या ह्या बोलण्यावर एक मोठा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, ‘तुम्ही हळू चालावयास सांगतां, पण ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यानें काय करावें? साठ वर्षांची बाई पहांटे भांगलणीस जाते, ती हौसेनें जाते काय? ऊसतोड करणाऱ्या जोडप्यानें कोणाच्या हातीं कोयता द्यावा?’ ह्या प्रश्नास गुळमुळीत उत्तर देणें हें पाप होईल. ज्यास शेत नाहीं, ज्यास साठवण नाहीं, त्यास विसाव्याचा उपदेश करणें म्हणजे उपाशी मनुष्यास उपवासाचें महत्त्व सांगणें होय. म्हणून आम्ही असें म्हणतों कीं, उतारवयांतील विसावा हा एकट्याच्या मनाचा प्रश्न नाहीं. तो घराचा, मंडळीचा आणि राज्याचाहि आहे.

राज्यानें कांहीं केलें आहे, तें खेड्यांत सर्वांस ठाऊक असावें. श्रावणबाळ योजनेखालीं ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांस निवृत्तिवेतन मिळतें; २०२३ सालीं तें दरमहा १००० रुपयांवरून १५०० रुपये करण्यांत आलें. ह्या रकमेंत सुख विकत मिळत नाहीं, पण औषध व चहासाखर मुलापाशीं मागण्याची पाळी टळते. तसेंच २००७ सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलें पोसत नसतील तर प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. त्यांतलें एक कलम विशेष ध्यानांत ठेवावें. सांभाळ करण्याच्या अटीवर ज्यास जमीन किंवा घर दिलें, त्यानें सांभाळ केला नाहीं, तर तो दानलेख रद्द करून घेतां येतो. म्हणून देतांना ती अट लेखांत नमूद करावी. आम्हीं वर खुराक सोडावयास सांगितलें. अन्न सोडावयास सांगितलें नाहीं. मान देऊन टाकावा, पण डोक्यावरचें छप्पर आंधळेपणानें देऊन टाकूं नये. जे उपदेशक खेडोपाडीं फिरतात त्यांनीं अशा कामीं अडाणी वृद्धांस अर्ज लिहून द्यावा. हीहि सेवाच होय.

दुसरी गोष्ट स्त्रियांविषयींची. पुरुष साठीचा झाला म्हणजे पारावर बसतो, आणि लोक म्हणतात, ‘फार कष्ट केले, आतां बसूं द्या.’ त्याची बायको साठीची झाली म्हणजे काय होतें? तिचें पाणी भरणें सुटत नाहीं, नातवंडें सांभाळणें नव्यानें लागतें, आणि पारावर बसलेल्यास दुपारीं चहा तीच पाठविते. ज्या विसाव्याचें ओझें दुसऱ्या थकलेल्या मनुष्याच्या डोईवर जातें, तो विसावा नव्हे. ती बढती होय. आम्ही म्हाताऱ्या पुरुषांस एवढेंच सुचवितों कीं, सावकाश जगावयाचें असेल तर दोघांनीं जगावें. शेंगा फोडणें, भाजी निवडणें, चुलीपुढें बसून दुधावर लक्ष ठेवणें, ह्या कामांस गुडघ्यांचें बळ लागत नाहीं. हीं हळू होणारीं कामें आहेत, आणि हळू चालणाऱ्या हातांसाठींच जणूं तीं राखून ठेविलेलीं आहेत.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मंद चाल म्हणजे रिकामपण नव्हे. आपल्याकडील गुऱ्हाळ पाहा. रस काहिलींत पडल्यावर आरंभीं चुलवाणांत मोठा जाळ लागतो. मळी वर येते ती काढून टाकावी लागते. सगळीकडे घाई असते. परंतु रस आटून घट्ट होऊं लागला म्हणजे जाळ कमी करावा लागतो. तेव्हांहि जो पहिल्यासारखाच जाळ घालील, त्याचा गूळ करपेल. मग गुळव्या पुढें येतो. तो थेंबभर पाक गार पाण्यांत टाकून त्याची गोळी बोटांनीं दाबून पाहतो, आणि काहील कोणत्या क्षणीं उतरावयाची तें सांगतो. दिवसभराच्या कष्टांचा निकाल त्या शांत घटकेंत लागतो. मनुष्याचेंहि असेंच आहे. कित्येक गोष्टी मोठ्या जाळावर होतच नाहींत.

लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण आपल्या वाचकांस परकें नाहीं. त्यांचा जन्म १८६८ चा. तरुणपण संसाराच्या ओढाताणींत गेलें; लिहावयास वाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. १९१९ सालीं टिळक वारले, आणि त्यांनीं अपुरें ठेविलेलें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य बाईंनीं पुढें चालवून पुरें केलें. त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां त्या ६६ वर्षांच्या होत्या. मागें वळून पाहण्यास थांबावें लागतें, आणि धांवणारास थांबतां येत नाहीं. जें पुस्तक आज मराठी भाषेचें भूषण समजलें जातें, तें धांवत्या वयाचें नसून थांबलेल्या वयाचें आहे.

आतां शेवटला आणि कदाचित् सर्वांत कठीण प्रश्न. काम सोंपविलें, मानहि सोडला. परंतु ज्याच्या हातीं दिलें तो तें वेगळ्याच रीतीनें करूं लागला, तर? बैलांच्या ठिकाणीं ट्रॅक्टर आला, भजनाच्या पेटीशेजारीं विजेचें वाद्य आलें, पत्र जाऊन मोबाइल आला. अशा वेळीं वृद्धांनीं दोन गोष्टी निराळ्या ओळखाव्या. एक रीत, दुसरें नीति. लाल मातींत वाढलेल्या वस्तादांस गादीवरील कुस्ती प्रथम परकी वाटली असेल. तीं माणसें मातीस कपाळ लावून हौद्यांत उतरणारीं. परंतु बाहेरच्या देशांतील स्पर्धा गादीवर होतात, म्हणून पोरांस गादीवर खेळूं देणें भाग पडलें. आणि आज महाराष्ट्र केसरीसाठीं माती व गादी अशा दोन्ही विभागांत कुस्त्या होतात. रीत बदलली. पण पडलेल्या प्रतिस्पर्ध्यास हात देऊन उठविणें, डाव कपटानें न टाकणें, ह्यांत बदल होऊं देण्याचें कांहीं कारण नाहीं. रीत बदलतांना म्हाताऱ्यानें गप्प बसावें. नीति बदलूं लागली तर हळू परंतु स्पष्ट बोलावें. आणि जो प्रत्येक रीतीवर ओरडतो, त्याचें नीतीवरचें बोलणें कोणी ऐकत नाहीं, हें विसरूं नये. शब्द राखून ठेविले तरच ते प्रसंगीं कामास येतात.

अशा रीतीनें उतरणारास जें सुख मिळतें तें लहान नाहीं. आषाढांत बाहेर पावसाची झड लागली आहे, घोंगडें पांघरून चुलीशीं बसावें, नातवास गोष्ट सांगावी आणि ती अर्ध्यांत विसरली तर त्यानेंच ती पुरी करावी. सकाळीं रंकाळ्याच्या कांठीं किंवा आपल्या गांवच्या ओढ्याच्या वाटेनें चालावें, आणि ज्या वाटेवरून चाळीस वर्षें डोईवर भारा घेऊन धांवलों तिच्या कडेस कोणकोणतीं झाडें आहेत तें प्रथमच पाहावें. शेजारच्या आजाऱ्यापाशीं घटकाभर बसावें. तरुणांपाशीं पैसा असतो, बळ असतें, पण घटका नसते. ती आतां आपल्यापाशीं आहे, आणि दुखणेकऱ्यास बहुधा तीच हवी असते.

जे आमच्यासारखे चाळिशींत आहेत त्यांस आम्ही एकच विनंति करितों. साठीची वाट पाहूं नका. आपल्या हातांत जीं कामें आहेत त्यांपैकीं एक काम ह्याच वर्षीं दुसऱ्याच्या हातीं द्या. आणि तें त्यानें आपल्यापेक्षां निराळें केलें तरी तीन महिने कांहीं बोलूं नका. पहिल्या महिन्यांत जीभ फार खाजेल. तिसऱ्या महिन्यांत बहुधा असें दिसून येईल कीं, काम बुडालें नाहीं, घर मोडलें नाहीं, आणि आपणांस रात्रीं झोंप बरी लागते. घाट सुरू होण्यापूर्वीं, सपाटीवर असतांनाच, गाडी आवरण्याची संवय केलेली बरी.